गाडी कोणीही दाखवतं, फाईल दाखवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सणावाराच्या तोंडावर आपल्या वृत्तपत्राची पहिली दोन पानं नव्या गाड्यांच्या जाहिरातींनीच भरलेली असतात. ‘महिना फक्त इतके भरा’ हे मोठ्या अक्षरात आणि किती वर्षं भरा हे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. मी नागपुरातल्या एका शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुंगीची अक्षरं वाचायची सवय अजून गेलेली नाही. म्हणून शेजारच्या मुलाने उंच, ऐसपैस एसयूव्ही घेतली तेव्हा पेढा तोंडात असतानाच मी मनात हिशेब केला. १२ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं. हप्ता १९,६०० रुपयांच्या आसपास, आणि सात वर्षांत नुसतं व्याजच साडेचार लाखांच्या घरात.

तेवढ्या व्याजात माझी अख्खी गाडी आली. हे पत्र त्या गाडीबद्दल आहे, आणि ती विकत घेताना मला जे दिसलं त्याबद्दल.

निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणी चारधामला गेल्या. मी २०१६ सालची, १४५ अश्वशक्तीची फियाट अबार्थ पुंटो घेतली. ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात या जातीला. दिसायला चारचौघींसारखी छोटी घरगुती गाडी, मागे डिकीचं दार, चार माणसं, किराणा, सगळं मावतं. पण इंजिन दुप्पट ताकदीचं आणि चाकं, ब्रेक, स्प्रिंगा त्या ताकदीला पेलणाऱ्या. यजमानांना हा शब्द समजावून सांगितला तर ते म्हणाले, “मे महिन्यात नागपुरातली प्रत्येकच गाडी हॉट असते, त्यासाठी वेगळे पैसे काऊन द्यायचे?” ते आजही स्कूटरवरच फिरतात.

मी गाडी शिकले ती सासऱ्यांच्या प्रीमियर पद्मिनीवर, १९९१ साली, पहाटे कस्तुरचंद पार्कभोवती. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. सासरे शेजारी बसून फक्त एवढंच म्हणायचे, “घाई गाडीला नाही, तुला आहे.” पुढे दहा वर्षांनी फियाटचीच छोटी पालिओ आली. तिच्या १.६ इंजिनाला १०० अश्वशक्ती होती, त्या काळी एवढ्याशा गाडीला हा आकडा ऐकून लोक पुन्हा विचारायचे. आमच्या स्टाफरूममध्ये एका सरांनी ती घेतली. पेट्रोल पिते म्हणून सगळ्यांनी त्यांना नावं ठेवली आणि सगळ्यांनी एकेक फेरी मारून घेतली. मीही मारली. अंबाझरीपर्यंत जाऊन आले आणि नंतर पंधरा वर्षं अल्टो चालवली, कारण दोन मुलांची फी होती.

अशा गाड्या आपल्याकडे इतक्या कमी का, याचं उत्तर रस्त्यात नाही, करात आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलवर १२०० सीसीच्या आतल्या गाडीला कराची सवलत मिळते. कंपन्यांनी तिथेच बूड टेकलं. माझ्या गाडीची लांबी चार मीटरच्या आत, पण इंजिन १३६८ सीसी, म्हणून सवलत गेली. २०१५ मध्ये हे मॉडेल आलं तेव्हा दिल्लीत शोरूमची किंमतच ९ लाख ९५ हजार होती. तेवढ्या पैशात लोक लांब डिकीची सेडान घ्यायचे आणि घेतलीही. मग फियाटने इथला विक्रीचा गाशाच गुंडाळला. २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, २०२२ मध्ये चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो बंद झाली. ज्या छोट्या गाड्या चालवायला खरोखर मजा यायची त्यातल्या बहुतेक आता फक्त जुन्या बाजारात मिळतात. आणि स्वस्त मिळतात, कारण लोक घाबरतात. पार्ट मिळेल का, मिस्त्री हात लावेल का, पुढे विकेल कोण. किमतीतली ही सूट भीतीची असते. ज्याला भीती कुठे खरी आणि कुठे उगीच ते कळलं त्याचा फायदा.

मला ते लगेच कळलं नाही.

मी शहरात जुन्या गाड्यांच्या तीन ठिकाणी गेले. नावं लिहीत नाही, कारण तिन्हीकडे थोड्याफार फरकाने एकच अनुभव आला. एके ठिकाणी पोलो जीटी टीडीआय, म्हणजे डिझेलवाली, उभी होती. दिल्ली पासिंग, पांढरी, टायरना काळं पॉलिश, आत लिंबाचा वास. किंमत बाजारभावापेक्षा लाखाने कमी. दिल्लीच्या गाड्या आपल्याकडे स्वस्त का येतात हे वाचकांनी एकदा नीट समजून घ्यावं. २०१५ चा हरित लवादाचा आदेश आणि २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे त्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. म्हणून दहावं वर्ष जवळ आलं की डिझेल गाडी तिथून निघू लागली. एवढ्यावरून गाडी वाईट ठरत नाही. पण तिकडचं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रस्ता कर पुन्हा भरणं, तिकडचा कर परत मागणं, नवा नंबर हे सगळं धरलं की लाखातले बरेच पैसे तिथेच विरघळतात.

मीटर ४८,००० दाखवत होतं. मी बॉनेट उघडायला सांगितलं. तेलाच्या झाकणाजवळ, बॅटरीच्या मागच्या बाजूला, ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले लावतात तो छोटा पिवळा स्टिकर होता. निम्मा फाटलेला, कोपऱ्यात काळी बोटं उमटलेली. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं: ऑइल बदललं ७१,०००. गाडी धुणाऱ्या पोराने सगळं चकाचक केलं होतं, तेवढा स्टिकर त्याच्या हाताला लागला नव्हता.

“हे २३ हजार किलोमीटर कुठे गेले?” मी विचारलं.

“मॅडम, तो दुसऱ्या गाडीचा असेल.”

“दुसऱ्या गाडीचा स्टिकर या गाडीत चिकटला?”

तो हसला. मग चहा मागवला. वर्गात गृहपाठ घरी विसरलेला मुलगा असाच हसतो.

त्यालाच मी दुसरा प्रश्न विचारला. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या गाड्या विकणाऱ्या व्यापाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यायचं. मालकाने गाडी व्यापाऱ्याकडे सोपवली की तसं ऑनलाइन कळवायचं. त्यानंतर कायद्याच्या दृष्टीने तोच मालक. गाडी चाचणी, दुरुस्ती, रंगकाम असल्या कामांपुरतीच रस्त्यावर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. उत्तम नियम आहे. तुमची गाडी तुम्ही विकलीत आणि नावावर चढण्याआधी कोणी तिने अपघात केला, तर जबाबदारी तुमच्यावर येणार नाही, हा त्याचा सरळ अर्थ. मी म्हटलं, “तुमचं अधिकारपत्र दाखवता?”

“कशाचं सर्टिफिकेट?” त्याने खरंच विचारलं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला माहीतच नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी ‘साहेब आले की दाखवतो’ म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी माझा फोन नंबर लिहून घेतला.

गाडी शेवटी यवतमाळच्या एका डॉक्टरांकडे मिळाली. त्यांची बदली झाली होती. मी आणि माझा भाचा बसने गेलो. गाडी लाल, बॉनेटवर आणि चाकांवर विंचू. कार्लो अबार्थ या माणसाने ही खूण निवडली कारण त्याची रास वृश्चिक. माझीही वृश्चिकच आहे, पण मी त्यासाठी गाडी घेतलेली नाही, हे यजमानांना अजून पटलेलं नाही. डॉक्टरांनी किल्ली देण्याआधी एक निळी फाईल हातात दिली. पहिल्या सर्व्हिसपासूनचं प्रत्येक बिल, तारखेप्रमाणे लावलेलं. टायर कधी बदलले, टायमिंग बेल्ट कधी, ब्रेक पॅड कुठून आणले. मीटरवर ५६,००० आणि शेवटचं बिल ५५,६०० चं. त्यांनी ४ लाख ३० सांगितले. तशीच दुसरी गाडी अमरावतीत ४ लाखांत होती, फाईलशिवाय. मी ४ लाख ३० दिले. घरी येऊन डायरीत लिहिलं: गाडी ४,००,०००, फाईल ३०,०००. आजही मला ते तीस हजार जास्त वाटत नाहीत.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही. जिल्हा बदलला म्हणून ना-हरकत, मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घेणं, आणि विम्यातला नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, जुन्या मालकाकडेच राहतो, हे मात्र लक्षात ठेवावं. मी ते धरलं नव्हतं, साडेचार हजारांचा फटका बसला.

आणि आता चूक. माझीच.

मे महिन्यात चिखलदऱ्याला जायचं ठरवलं. नागपूर हे तव्यासारखं गाव आहे, तापण्याच्याही बाबतीत आणि सपाटीच्याही. वळणं शोधायला माणसाला रामटेकचा गड नाहीतर मेळघाट गाठावा लागतो. पहाटे निघायला हवं होतं. बहिणीचं आवरेपर्यंत दहा वाजले. अमरावती रोडवर कोंढाळीच्या अलीकडे एका ट्रकला ओलांडायला पाय दाबला आणि बॉनेटखाली ‘फुस्स’ असा आवाज झाला, कुकरची शिट्टी अर्धवट दाबावी तसा. गाडी चालू होती, पण जीव गेला होता. १४५ मधले निम्मे घोडे कुठेतरी उतरून गेले. मागून येणारा भाजीचा टेम्पो हॉर्न देत पुढे निघून गेला.

कोंढाळीत ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक मिस्त्री मिळाले. त्यांनी इंजिन दहा मिनिटं थंड होऊ दिलं, मग टर्बोकडून, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याकडून, हवा नेणाऱ्या जाड रबरी पाइपवर बोट फिरवलं. पाइप वरून अखंड दिसत होता. त्यांनी तो अंगठ्याने खालच्या बाजूने दाबला तशी बोटभर लांबीची चीर उघडली, उन्हात तडकलेल्या टाचेसारखी.

“गाडी चांगली हाय काकू,” ते म्हणाले. “पन् उभी राहेल होती न जी हे. रबर चालून खराब नाही होत, उभं राहून होते.”

मी म्हटलं, फाईल आहे सगळी. मग रस्त्याकडेच्या बाजेवर बसून फाईल उघडली. बिलं तारखेप्रमाणे होती, सगळी होती. पण एका सप्टेंबरनंतरचं पुढचं बिल थेट पुढच्या मे महिन्याचं होतं आणि त्या दोन बिलांमध्ये मीटर फक्त नव्वद किलोमीटर पुढे गेलं होतं. आठ महिने ती यवतमाळच्या उन्हात उभी होती. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं, आकडे माझ्यासमोरच होते. मुलांना ३१ वर्षं सांगत आले की नुसते बिंदू पाहू नका, दोन बिंदूंमधलं अंतर पाहा. आणि स्वतः मी प्रत्येक बिलाची बेरीज केली, वजाबाकी एकही केली नाही.

मिस्त्रींनी सायकलची जुनी ट्यूब कापून, गुंडाळून, वर दोन क्लॅम्प आवळले. शंभर रुपये मागितले. मी पाचशे दिले तर चारशे परत केले. साठच्या वर न जाता आम्ही नागपूरला परतलो. चिखलदरा राहिलं, बहीण अजून त्यावरून बोलून राहिली आहे. नवीन पाइप पुण्याहून मागवला, नऊ दिवस लागले. पाइप आल्यावर आजूबाजूचे इतर रबरी नळही बदलून टाकले, टायमिंग बेल्टही. बेल्ट आधी बदललेला होता, पण त्यालाही वर्षं झाली होती. आणि बेल्ट तुटून आतला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला तर इंजिनच जातं. सगळे मिळून ३८ हजार. गाडी घेताना किमतीच्या दहा टक्के बाजूला ठेवा असं मला भाच्याने सांगितलं होतं. मी सांगेन, पंधरा ठेवा आणि त्यात विटके नळ आधी बदला, मग सीट कव्हर.

तेव्हापासून डिकीत एक पत्र्याचा डबा असतो. दोन पाइप, क्लॅम्प, फ्यूज, बेल्टचा एक जोड, कूलंट, हातमोजे. बॉनेटवर विंचू आणि मागे डबा. यजमान म्हणाले, “विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.” एवढ्या वर्षांत त्यांचा हा एकच विनोद मला पूर्ण पटला.

मजेचं काय, असं कोणी विचारेल. रविवारी पहाटे साडेपाचला मी काटोल रोडने निघते. कळमेश्वर सोडलं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, बहार असेल तर काच खाली करावी लागते. दोन हजार आरपीएमपर्यंत गाडी अल्टोसारखी शहाणी वागते. मग टर्बो जागा होतो आणि पाठीवर कोणीतरी मोठा तळहात ठेवून ढकलतं. तिसरा गिअर, वळण, स्टिअरिंगमध्ये रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो. यासाठी शंभरच्या वर जावं लागत नाही. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे, तिथे मी दोनदा गेले आणि दोनदा जांभया दिल्या. सरळ रेषेत काय मजा. सायलेन्सर बदलून रात्री फुटाळ्यावर फटाके फोडणाऱ्या पोट्ट्यांची मी बाजू घेत नाही, हे इथेच सांगते. शाळेत असते तर कान धरला असता. परतताना एका ठिकाणी तर्री पोहे खायचे, आणि हो, लांब दौड झाली की एक मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करायचं, टर्बोला दम घेऊ द्यायचा. पोहेवाला आता ओळखतो, तो मिनिटभर थांबतो आणि मग प्लेट आणतो.

गाडी पेट्रोल पिते. शहरात नऊ, बाहेर तेरा. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या गाड्यांचा ॲव्हरेज त्याने थोडा घटतो आणि काहींचे रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलं आहे. म्हणजे पुन्हा रबरच. पण मी महिन्याला पाचशे किलोमीटर चालवते. रोज हिंगण्याच्या एमआयडीसीत जाणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, त्याला हिशेब जमणार नाही.

संपादक महोदय, इतकं लांबलचक लिहिण्याचं कारण आता सांगते. जुन्या गाडीचं वय सरकारला नीट कळतं. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, त्याची फी ६०० वरून २०२२ मध्ये ५,००० झाली. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. वर पर्यावरण कर वेगळा. घ्या बापडे, माझी तक्रार नाही. पण गाडी खरोखर किती चालली आणि किती उभी राहिली, हे सामान्य गिऱ्हाइकाला कळायला एकही सरकारी खिडकी नाही. वयावर पैसे घेता, मग इतिहासही दाखवा.

उपाय महागडा नाही. वर्षातून एकदा तरी आपण पीयूसी काढतोच. तिथला माणूस गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढतो. त्याच वेळी मीटरचाही फोटो काढून आकडा नोंदवायला कितीसा वेळ लागतो? ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक एमओटी तपासणीत हेच करतात आणि कोणीही गाडीचा नंबर टाकून जुने आकडे फुकट पाहू शकतं. आपल्याकडे ‘वाहन’ पोर्टल आहे, त्यावर विमा दिसतो, पीयूसीची मुदत दिसते. त्याखाली एक ओळ वाढवायची. तो स्टिकर त्या दिवशी पुरता फाटला असता तर मीही पांढरी गाडी घेऊन आले असते. परिवहन आयुक्तांपर्यंत ही सूचना पोचावी, आणि व्यापाऱ्यांच्या अधिकारपत्राबद्दल आपल्या वार्ताहरांनी शहरात एक फेरी मारून पाहावी, एवढीच विनंती. फेरीसाठी गाडी हवी असल्यास माझी आहे, मात्र चालवेन मी.

थांबते. काल वायपरचे रबर बदलले, त्याचं ७८० रुपयांचं बिल अजून फाईलला लावायचं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर